कळशीतली हाक

आमची एसटी प्रवरासंगमच्या पुलावर पंक्चर झाली नसती, तर भर पाण्यात उभा राहिलेला तो माणूस मला दिसलाच नसता.

भर पाण्यात म्हणजे… काठापासून लई लांब. मे महिन्याची दुपार, वारं पडलेलं, धरणाचं पाणी काचेसारखं. आणि त्या पाण्यावर हा गडी घोट्याइतका बुडून सरळ उभा! खाली उतरलेल्या पॅसेंजर बाया एकमेकीला खेटल्या. एक म्हातारी पुटपुटली, "बुडालेल्या टाकळगावचा असंल गं कुणीतरी… बघू नका तिकडं."

मी बावीस वर्षं कंडक्टरकी केलेली बाई. भुताचंबी तिकीट फाडणारी. कठड्याला रेलून ओरडले, "ओ पावणं! तिकीट काढलं का?"

तो हळूच वळला. मग पाण्यावरनं आवाज आला, "अर्ध्या तिकिटाला अजून पाच वर्षं हायत!"

"मग फुल्ल फाडते. थांबा तिथंच!"

"थांबलोयच की. होडी सुटून तुमच्या पुलाखाली गेलीया… घेऊन या ना जरा."

त्या 'घेऊन या ना'ला माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा का कसला, ते अजून ठरलं न्हाई.

चाक बदलेपर्यंत अर्धा तास होता. एका कोळ्याला पटवलं, होडी सोडवली, आणि मीच तिच्यात बसून गेले. असा ओळखीला आला नृसिंह मास्तर. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून रिटायर झालेला, स्वतःच्या हातानं शिडाची होडी बांधणारा. त्याच्या पायाखाली बुडालेल्या देवळाचं छप्पर होतं. जुनं टाकळगाव धरणात गेलं, ते त्याच्या बायकोचं, राहीचं माहेर. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचं छप्पर वर येतं, आणि गावच्या लेकी होडीतनं येऊन तिथं देवीची ओटी सोडतात. राही आठ वर्षांपूर्वी गेली. तवापासून तिच्या वाटची ओटी हा सोडायचा.

"बाप्यानं ओटी सोडलेली चालती व्हय?" मी विचारलं.

"देवीनं अजून तरी तक्रार केली न्हाई," म्हणाला, आणि हात देऊन मला छपरावर घेतलं. हात खरखरीत… आणि लगेच सोडलाबी न्हाई.

पुढच्या सहा महिन्यांत मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि होडीवर गेले.

केडगावची माझी लेक अश्विनी फोनवर म्हणाली, "आई, वेड लागलं का गं तुला?"

"लागलं," म्हणलं, "वारं लागलं."

संगमापासनं पैठणच्या भिंतीपर्यंत जायचं, वाटंत शेवगावच्या बाजूला मुक्काम, परत यायचं. महिना-महिना पाण्यावर. एकदा तर होडी ट्रकवर घातली, कोकणात नेली आणि हर्णैपासनं वेंगुर्ल्यापर्यंत समुद्रातनं गेलो. दुष्काळी तालुक्यातली दोन माणसं! मी भाकरी थापायची, त्यानं सुकाणू धरायचं. शिडाची दोरी माझ्या हाती देताना त्याची बोटं उगीच रेंगाळायची… पण तोंडातनं शब्द न्हाई. लोक आम्हाला जोडपं समजायचे. आम्ही आपलं 'मास्तर' आणि 'बाई'.

तिथंच माझी लोकांना चेष्टेनं घाबरवायची खोड मला नडली.

गेल्या मे महिन्यात ओटी सोडायला आलो. टाकळगावकरांचा एक नियम हाय — बुडालेल्या गावावर दुपारी हाक ऐकू आली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची न्हाई. आणि तिसरीला ओ दिली, तर ती हाक ज्याची, त्याचं व्हायचं. मास्तरनं हे सांगितलं आणि माझ्या अंगात आलं. तो देवळाच्या छपरावर पाठमोरा बसलेला. मी होडीतल्या केबिनच्या आड बसून रिकाम्या कळशीत तोंड घातलं आणि बारीक, घुमणाऱ्या आवाजात म्हणलं, "अहो… ऐकलं का…"

आता हसणार, तेवढ्यात तो वळला आणि त्याचं तोंड दिसलं. डोळ्यांतनं पाणी घळाघळा.

"राहीनं हाक मारली, बाई. दोनदा."

मी तर एकदाच मारली होती! म्हणलं, घाबरून मोजायला चुकला असंल. आणि खरं सांगायचा धीर झाला न्हाई.

त्या दिवसापासनं मास्तर निवत गेला. पुतण्याला, अर्णवला, सगळी हत्यारं देऊन टाकली. होडी माझ्या नावावर केली. आणि परवा दोघं शीड शिवत होतो, तवा शांतपणे म्हणाला, "औंदा तिसरी हाक येईल. मी ओ देणार, बाई."

"आणि?"

"आणि… उतरणार."

माझ्या हातातली सुई बोटात गेली.

आज आलो. तीच दुपार, तसंच पाणी. पक्षीबी न्हाई. वारं असं पडलं की शीड मेल्यासारखं लोंबत होतं. खाली पाण्यात भिंती दिसत होत्या, एका घराचा उंबरा दिसत होता. मास्तरनं चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि छपरावर उतरला.

"मास्तर, थांबा!" मी मागोमाग उडी मारली. "ती हाक माझी होती! कळशीत तोंड घालून मी मारली. चेष्टा केली मी… हाणा मला, पण पाण्यात उतरू नका."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "दोन्ही?"

"एकच. देवीशपथ एकच."

"मग दुसरी…?"

आणि तेवढ्यात पाण्याखालनं आली. बारीक. घुमणारी. कळशीतनं यावी अगदी तशी…

"मनकर्णा…"

माझं नाव! आयुष्यभर लोकांना घाबरवलं, आज पहिल्यांदा कुणीतरी माझीच नक्कल करून मला गाठलं होतं. आणि त्या आवाजाला चक्क हसू येत होतं. ऐकलं मी.

"मनकर्णा…" दुसरी. जवळनं. पायाखालच्या छपरातनं.

माझं तोंड आपोआप उघडायला लागलं. ओ द्यावीशी वाटत होती, इतकी माया त्या आवाजात… एक पाय छपराच्या कडेला गेलाबी. मास्तरनं मला कमरेला धरून ओढलं.

"न्हाई राही, न्हाई!" तो पाण्याकडं बघून ओरडला. "हिला न्हाई! ही माझी हाय!"

मग माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि तिसरी हाक यायच्या आत, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मनकर्णा!"

"ओ!" मी म्हणलं. छातीतला सगळा वारा लावून.

पाणी गप्प झालं.

मग तो हळूच म्हणाला, "ओ दिलीस तू."

"दिली."

"आता माझी झालीस. परत घेता येत न्हाई."

"कोण घेतंय परत? चार वर्षं लावली एका हाकेला… आयटीआयमध्ये एवढंच शिकवत होता व्हय?"

तो हसला. वर्षानं हसला. आणि पहिल्यांदाच ओटी त्यानं माझ्या हातात दिली. खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. मी पाण्याशी वाकले. "राहीबाई," म्हणलं, "बरोबरी झाली. आता चेष्टा बंद."

तांदूळ पसरले. खण भिजला. नारळ तरंगायला पाहिजे होता… सोललेला असला तरी तरंगतोच. पण तो तरंगला न्हाई. कुणी खालनं अलगद पदरात घ्यावा, तसा गेला.