दहा मोजेपर्यंत

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या अंगावर साबणाचं पाणी सांडलं होतं. भाचीला कडेवर घेऊन तो घाईघाईने दारातून आत, आणि ती फुग्यांची बाटली घेऊन त्याच दारातून बाहेर... ओढणीवरून फेस ओघळत असताना तो गोंधळून म्हणाला, "हिला बोलता येत नाही हो, म्हणून आलो."

"तुम्हाला येतं ना? मग आधी सॉरी म्हणा."

मुलांना बोलतं करणं हेच तिचं काम. लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. सहा महिने दर गुरुवारी मामा-भाची येत राहिली. ताईचा नियम एकच – फुगे उडवायचे, बाटलीचं झाकण घट्ट लावायचं आणि मुलगी मागेपर्यंत एकेक बोट उघडत मनात दहा मोजत गप्प बसायचं. तिच्या तोंडात शब्द कोंबायचा नाही. मामाला चारच्या पुढे धीर निघत नसे. तिला 'उघड' म्हणायचंय, असं सांगून तो स्वतःच झाकण फिरवी, ताईने डोळे वटारले की कान पकडी. त्या कान पकडण्याची आपण आठवडाभर वाट बघतो, हे ताईने देवापुढेही कबूल केलं नव्हतं.

सलग तीन गुरुवार मुलीने आपणहून मागितलं की उपचार संपले, फाइल बंद, असं ठरलं होतं. दोन झाले होते. आज तिसरा.

ताईने झाकण लावलं. एक... दोन... मामा खिडकीशी मुठी आवळून उभा. पाच. मुलीचे ओठ हलले, मिटले. सहा. आज नको म्हणूस गं – ताईच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच अशी लाज वाटली की कानशिलं तापली. या लेकराच्या शब्दापेक्षा आपला गुरुवार मोठा? तिने बाटली मुलीच्या अगदी जवळ नेली. आठ. नऊ...

"उघड," मुलगी म्हणाली. "ताई, उघड."

खोलीभर फुगे झाले. मामाने भाचीला उचलून दोनदा गरकन फिरवलं. फाइलवर सही करताना ताईचं अक्षर वाकडं आलं. भाची कडेवरच, आणि मामाने चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली.

"पुढच्या गुरुवारी... काही काम नसताना आलो, तर चालेल?"

दिवसभर दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या बाईची जीभ टाळ्याला चिकटली. दोन... तीन... त्याचा चेहरा उतरत चालला.

"नाही, म्हणजे कळलं मला, तुम्हाला काय म्हणायचं–"

भाचीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आणि दुसऱ्या हाताची बोटं ती ताईसमोर एकेक करून उघडू लागली.

ताईला हसू आलं, डोळेही भरून आले.

"या," ती म्हणाली. "एकटे आलात तरी चालेल."

त्याला केवढं तरी बोलायचं होतं. पण तो इवलासा हात दहा झाल्याशिवाय हटायला तयार नव्हता.