मावशीच्या नंबरवरून

हे लिहावं की नाही, यात माझे तीन आठवडे गेले. बायको म्हणते, घरातलं चव्हाट्यावर कशाला आणतोस? पण जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. त्यात चिमूटभरही मीठ-मसाला नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

ही भर सकाळची आहे. दर रविवारी, अकरा वाजून आठ मिनिटांनी... चौथ्या मजल्यावरच्या, लख्ख उन्हाच्या हॉलमधली.

माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली दुरुस्ती कमी आणि जोडणीच जास्त. लोकांना टीव्हीवरच फोन हवा असतो. टीव्हीच्या माथ्यावर एक कॅमेरा आणि मागे एक छोटा डबा बसवला की झालं. नातवंडं इकडे, आजी-आजोबा तिकडे, सगळे मोठ्या पडद्यावर समोरासमोर.

असाच एक डबा मी माझ्या मावशीकडे बसवला होता.

मावशी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. लहानपणी मी घरातली दिसेल ती पिन बोर्डातून उपटायचो, म्हणून मला 'पिन्या' म्हणायची. काका गेल्यावर ती एकटीच राहायची. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, अडीच तासांच्या अंतरावरच्या शहरात. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो.

डबा बसवायला दादानेच सांगितलं होतं. त्याच्या टीव्हीवरही तसाच एक मी बसवून दिला होता. "माझा फोन आला की आपोआप उचलला जाईल असं कर," म्हणाला. "तिला बटणं जमत नाहीत. निदान डोळ्यांसमोर तरी राहील."

मी तसं केलं. मावशी खुर्चीत बसून बघत होती.

"म्हणजे त्याला वाटेल तेव्हा तो मला बघणार," ती म्हणाली. "आणि मला वाटलं तर?"

"तूही फोन कर की."

"मी केला तर तो उचलत नाही, पिन्या. त्याला आपोआपचं बटण नाहीये."

मी हसलो. तीही हसली. पण लगेच म्हणाली, "आमच्या एक्स्चेंजचा नियम होता. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ऑपरेटरने लाइन सोडायची नाही. मग घर जळत असलं तरी."

दादाची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. मावशीने त्याला दोनदा फसवलं होतं. "चक्कर आली, मेले, ये लवकर," असा फोन करायची. तो काम टाकून धावत यायचा, तर ही बाई दारात उभी, ठणठणीत. "त्याशिवाय येतोस कुठे?" म्हणायची. लांडगा आला रे आला, तसंच.

मग एका रविवारी खरंच लांडगा आला.

शेजारीण संध्याकाळी पाचला किल्लीने दार उघडून आत गेली, तेव्हा मावशी हॉलमध्ये जमिनीवर पडली होती. टीव्हीच्या बरोब्बर समोर. श्वास थांबला होता. डॉक्टर म्हणाले, सकाळी अकराच्या सुमाराला झटका आला असणार. "तासाभरात कोणी आणलं असतं, तर वाचल्या असत्या."

दादा सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. "त्या दिवशी मी फोनच केला नव्हता रे... नेमका त्याच दिवशी!"

तेराव्यानंतर त्याने मला डबा काढून न्यायला सांगितलं. काढण्याआधी, सवयीने, मी कॉलची यादी उघडली.

शेवटचा कॉल. दादाचा नंबर.

रविवार. अकरा वाजून आठ मिनिटं.

कालावधी... बावन्न मिनिटं.

मी वळून पाहिलं. दादा दारात उभा होता.

"काही आहे का त्यात?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "रिकामा आहे."

मी खोटं का बोललो? गेलेलं माणूस परत येणार नव्हतं. घरात भांडणं नकोत. असंच काहीतरी मनाशी म्हटलं आणि डबा पिशवीत टाकला. दुकानाच्या कपाटात नेऊन ठेवला.

दीड महिन्याने दादाचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"पिन्या... आईचा डबा कुठाय?"

"दुकानात. कपाटात."

"चालू आहे?"

"वायरसुद्धा जोडलेली नाही त्याला. का?"



"मग तिच्या नंबरवरून फोन कसा येतो?"

पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो. वहिनी माहेरी गेल्या होत्या, त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. दादाने दाढी केलेली नव्हती. चहासुद्धा मीच केला. आम्ही दोघं हॉलमध्ये बसलो. टीव्ही बंद होता. मी मुद्दाम पिन काढून हातात धरली होती.

अकरा वाजून आठ मिनिटं झाली...

टीव्ही लागला.

माझ्या हातात पिन. आणि टीव्ही चालू!

पडद्यावर एक छत दिसत होतं. मधोमध पंखा, त्याचं एक पातं किंचित वाकलेलं. तो मावशीच्या हॉलमधला पंखा होता. कडेला खुर्चीचे पाय, तेही खालून दिसत होते... जमिनीवर पडलेल्या माणसाला दिसावेत तसे.

त्या घराला कुलूप होतं. वीजही तोडलेली होती.

आणि पंखा फिरत होता.

मग आवाज आला.

टक्... टक् टक्...

फरशीवर नखं आपटल्यासारखा.

दादाने कानांवर हात ठेवले आणि बोलायला लागला. मी काही विचारलंही नव्हतं. "ती बोलता बोलता खाली पडली रे. मला वाटलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी फसणार नव्हतो. मी म्हटलं... 'उठ की आता, पुरे झालं नाटक.' ती नखांनी फरशी वाजवत राहिली. माझ्याकडे बघत राहिली. मला संताप आला. मी आवाज बंद केला आणि पेपर वाचत बसलो."

"बावन्न मिनिटं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली.

"मध्ये एकदा वर पाहिलं," तो पुटपुटला. "तिचं वाजवणं थांबलं होतं. मग माझी हिंमतच झाली नाही. कोणाला सांगणार? काय सांगणार?"

बरोबर बाराला टीव्ही आपोआप बंद झाला.

मी स्टूलवर चढून कॅमेरा काढला. त्याचा डबा काढला. वायरी ओढून काढल्या. टीव्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला. "आता कसा येतो बघू," म्हणालो. उसनं अवसान, दुसरं काय!

पुढच्या रविवारी बाराच्या ठोक्याला त्याचा मोबाइलवरून फोन आला. तो कुजबुजत होता.

"टीव्ही सरळ झाला, पिन्या. मी हात लावला नाही... आणि आज छत वेगळं होतं."

"कुणाचं?"

"माझं."

"दादा, तू घर सोड. आत्ताच्या आत्ता."

"दोनदा गेलो. एकदा मित्राकडे, एकदा लॉजवर. जिथे टीव्ही असेल तिथे येते ती. तू ये रे. येत्या रविवारी माझ्याजवळ बस."

मी येतो म्हणालो. खरंच निघालो होतो, पहाटेच. पण वाटेत एक ट्रक आडवा झालेला, तीन तास गाडी जागची हलली नाही. जिना चढून त्याच्या दारात पोचलो तेव्हा घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दार बंद होतं. बेल वाजवली. 

मी दाराला कान लावला.

टक्... टक् टक्...

या वेळी आवाज टीव्हीतून येत नव्हता. तो दारापलीकडून, अगदी खालून, फरशीवरून येत होता.

"दादा! दादा, दार उघड!"

आणि मग मी तिचा आवाज ऐकला. माझ्या मावशीचा. तीस वर्षं हजारो लोकांनी कानाशी धरलेला, एक-एक अक्षर सुटं करणारा तो स्वच्छ आवाज.

"उठ की आता," ती म्हणाली. "पुरे झालं नाटक."

त्यानंतर एकदम सगळं शांत झालं... कुणीतरी बटण दाबून आवाज बंद करावा तसं. माझं ओरडणंही मला ऐकू येईना. मी दारावर लाथा घालत होतो, तर लाथांचाही आवाज नाही.

समोरच्या बिऱ्हाडातल्या बस ड्रायव्हरला मात्र तो ऐकू गेला असावा. तो बाहेर आला. त्याने रुग्णवाहिका बोलावली. सुतार आणला. आम्ही तिघांनी खांदे लावले. सुताराची पटाशी वाकली, पण दार तसूभर हललं नाही. रुग्णवाहिकेची माणसं जिन्यात स्ट्रेचर घेऊन खोळंबली होती.

बारा वाजले.

दार आपोआप उघडलं. अगदी वाऱ्याने उघडावं तसं.

सुताराने आतल्या बाजूला हात फिरवून पाहिला. "साहेब," तो म्हणाला, "ह्याला कडी लागलेलीच नव्हती."

दादा टीव्हीसमोर पडला होता. डोळे उघडे होते. उजव्या हाताची नखं तुटून रक्ताळली होती.

जीव वाचला. पण एक बाजू गेली आणि वाचा गेली. वहिनींनी त्याला लहान मुलासारखं सांभाळलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. बोलणं शिकवायला एक बाई रोज यायच्या. मी दर महिन्याला जाऊन यायचो. वहिनींना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. याही वेळी नाही.

चौथ्या महिन्यात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. त्याने माझं मनगट धरलं. ओठ हलले.

"आ...ई..."

वहिनी हातातलं पातेलं टाकून धावत आल्या. "बोलले! भाऊजी, हे बोलले!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "थांबा, त्या बाईंना फोन करते." त्या तशाच बाहेर पळाल्या.

दादाने मनगट सोडलं नाही. तो माझ्याकडे बघतही नव्हता. माझ्या मागच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होता.

"आई... तुला... विचारते..."

"काय विचारते, दादा?"

"पिन्या... का... गप्प... बसला?"

मी कसाबसा हात सोडवला. जिना कसा उतरलो, ते आठवत नाही.

काल वहिनींचा फोन आला होता. आवाजात किती महिन्यांनी उत्साह होता. "भाऊजी, यांच्या खोलीत एक टीव्ही लावून द्या ना. सारखं भिंतीकडे बोट दाखवून तेच मागतात. मन तरी रमेल यांचं."

"बघतो," मी म्हणालो. "कधी येऊ?"

तिकडे थोडी कुजबुज झाली.

"रविवारी सकाळी या," वहिनी म्हणाल्या. "आणि हे म्हणतात, एकट्यालाच यायला सांग."

मी अजून हो म्हटलेलं नाही.

नाही म्हणायची हिंमत होत नाहीये.