टाकीखालचा कर्नल

"ढेरपोट्याही गेला!" क्रिस्पिन ओरडतच अंगणात शिरला. "परवा डेल्फिनाची राणी, काल बेकरीवाल्याचा, आज माझा! झुनिल्दा, उद्या तुझा कर्नल!"

झुनिल्दाने पटकन पाण्याच्या टाकीखाली वाकून पाहिलं. कर्नल जागच्या जागी ढिम्म बसला होता. गावात प्रत्येक घराचा एक खडबडीत बेडूक असे. तो संध्याकाळी दिव्याखाली किडे मटकावी आणि दिवसभर टाकीच्या ओलीत झोपे.

"सापाने गिळले असतील," त्याच्या मागोमाग आलेली डेल्फिना म्हणाली.

"रोज एक?" क्रिस्पिन म्हणाला. "साप आहे की जावई!"

तेवढ्यात खांद्यावर वल्हं टाकून एव्हारिस्तो आला. बाप्तिस्म्याच्या वेळी झुनिल्दाला हातांवर घेणारा तिचा धर्मपिता, तिचा पाद्रिनो! तिने नेहमीप्रमाणे दोन्ही हात जोडले.

"पाद्रिनो, आशीर्वाद द्या!"

"देव तुझं भलं करो, पोरी!" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "निघालो मोठ्या तळ्यावर. आणि पुन्हा सांगतो, दुपारी सगळे झोपले की बाहेर पडू नका हं! सोनेरी केसांचा यासी यातेरे शिट्टी वाजवत फिरतोय. पोरं पळवतो!"

सुट्टीत शाळेत मुक्कामाला आलेल्या डॉक्टरीणबाई बेडकांच्या फुप्फुसांतले जंत शोधत. त्यांना तळ्यातले बेडूक पाद्रिनो पुरवी. झुनिल्दाला त्याचा केवढा अभिमान!

"तळ्यावर जातात कशाने?" डेल्फिना हळूच म्हणाली. "त्यांच्या होडीत तर कोंबडी अंडी उबवतेय. चार दिवस झाले!"

"मग दुसऱ्याची होडी घेतली असेल!" झुनिल्दा फणकारली. "माझा पाद्रिनो खोटं बोलत नाही!"

तरी तिने आईचा नखरंग आणून कर्नलच्या तळपायाला लाल ठिपका लावला. दुपारी गाव झोपलं, तेव्हा तिघं लाकडांच्या ढिगामागे दबा धरून बसली.

शिट्टी ऐकू आली!

"यासी यातेरे! मेलो!" क्रिस्पिनने डोळे गच्च मिटले.

फाटकातून आला तो पाद्रिनो. शीळ घालत त्याने टाकीखाली हात घातला, कर्नलला पिशवीत टाकलं आणि चालता झाला.  सकाळी तिच्या डोक्यावर ठेवलेला हात तोच होता.

दुसऱ्या क्षणी ती शाळेकडे धावत सुटली. बेडकांच्या बादलीवर चिठ्ठी होती, 'मोठं तळं'. बाईंनी कर्नलला नुकतंच उचललं होतं.

"थांबा, बाई! त्याला उलटा करा!"

"तळ्यातले बेडूक नखरंग लावतात का हो?" क्रिस्पिनने धापा टाकत विचारलं.

बाईंनी लाल ठिपका पाहिला, मग दारात उभ्या पाद्रिनोकडे.

"अहो, तळं लांब, ऊन मरणाचं," तो पुटपुटला. "बेडूक तो बेडूकच ना!"

"नाही!" बाई कडाडल्या. "हे जंत ओल्या मातीत वाढतात आणि कातडीतून आत शिरतात. तळ्यातल्या बेडकांत इतके कसे, म्हणून मी चक्रावले होते. ते तुमच्या टाक्यांखालचे निघाले! मी बिचाऱ्या तळ्याच्या नावावर लिहून मोकळी झाले असते!"

त्यांनी टेबलावरच्या तीन बाटल्यांच्या चिठ्ठ्या टराटरा फाडल्या. आत दोऱ्यासारखे पांढरे जंत होते.

"यात ढेरपोट्या कुठला?" क्रिस्पिनने विचारलं. आता तो हसत नव्हता. बाईंनी मान खाली घालून मधली बाटली दाखवली.

झुनिल्दा पाद्रिनोकडे वळली. "मदत मागितली असती तर मी स्वतः तुमच्याबरोबर तळ्यावर आले असते. तुम्ही मला भीती घातलीत. मी रोज दुपारी डोक्यावरून चादर ओढून पडायचे!"  

संध्याकाळी शाळेच्या अंगणात गाव जमलं. "या पोरांनी माझं सगळं काम वाचवलं!" बाई म्हणाल्या. बेकरीवाल्याने तिघांना गरम गरम चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, वाटले. म्हाताऱ्यांनी पाठी थोपटल्या.

गर्दीतून पाद्रिनो पुढे आला. टोपी काढून तो झुनिल्दासमोर थांबला. रोजच्यासारखे ती हात जोडील, याची वाट बघत. 

झुनिल्दाने कर्नलला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"पाद्रिनो," ती म्हणाली, "आज माझे हात रिकामे नाहीत."

आणि ती घरच्या टाकीकडे चालू लागली.