उंबरझऱ्यावरची अवस

बसा पोरांनो, कंदील बारीक करा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. येडू माझ्या बघण्यातला माणूस, आणि हे त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय.

साल चौऱ्याहत्तर, वैशाखातली अवस. जेवण उरकून येडूनं लोकरीचं गाठोडं खांद्यावर टाकलं. बायकोला, मायाक्काला, म्हणाला, मेंढरांकडं जाऊन येतो. निघाला मात्र माळावरच्या उंबरझऱ्याकडं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी ठणठणीत कोरड्या पडल्या, तेव्हा या एका झऱ्यावर तीन वाड्या आणि माळावरची हरणं जगली होती. आता तिथं चुनखडीची खाण निघायची होती. सुरुंग लागले की झरा गेला. गावानं अर्ज केला, तेव्हा सोलापूरच्या साहेबांनी कळवलं की भर उन्हाळ्यात येऊन बघतो, पाणी वाहतं असेल तर खाण होणार नाही. साहेब उद्या सकाळी येणार होते. त्यांना आणायला येडूचा चुलतभाऊ सिद्धनाथ सोलापूरला गेला होता.

आणि तिथंच येडूच्या पोटात दुखत होतं. दर अवसेला झऱ्याचं तोंड हातानं साफ करायचं, हा मान त्यांच्या घराण्याचा. येडूचा बाप धोंडीराम मरायला टेकला, तेव्हा तो मान सोपवायला त्यानं हात धरला तो पुतण्याचा, सिद्धनाथचा. पोटचा पोरगा पायाशी उभा. तेव्हापासून गावात जो तो सिद्धनाथचं नाव घ्यायचा. मायाक्कासुद्धा एकदा म्हणाली, "भावजी हायती म्हून झरा हाय." ते येडूच्या काळजात रुतून बसलं. झरा गेला तर आपलीही मेंढरं मरतील, हे त्याला कळत होतं. पण जळणाऱ्या माणसाला कळून उपयोग काय? उद्या साहेबापुढं सिद्धनाथचं नाक कापलं जावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

उंबराखाली पोचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले असतील. सिद्धनाथ गावात नाही, म्हणजे आज साफ करायला कुणी येणार नाही, हा त्याचा हिशेब. त्यानं लोकरीचा बोळा चिखलात कालवला आणि कपारीत कोंबला. पाणी थांबलं. माळ गप्प झाला.

तो उठणार, तेवढ्यात बोळा हलला.

आत सरकला... आणखी आत...

कुणीतरी पलीकडून ओढत होतं.

येडूनं बोळा धरायला हात घातला. आतून हातच धरला गेला. थंडगार. त्यानं बोटं चाचपली. करंगळी वाकडी. बापाची होती तशी.

"आबा?"

"लई वाट बगितलीस की रं," कपारीतनं आवाज आला. "घे. तुजाबी धरला."

किती वेळ गेला, येडूला ठाऊक नाही. हात सुटला तेव्हा पाणी कोपरापर्यंत उसळत होतं.

सकाळी साहेब आले. झरा खळाळत होता. त्यांनी तिथंच पंचनामा लिहिला, खाण होणार नाही म्हणाले, आणि पंचांचे अंगठे मागितले. सिद्धनाथनंच येडूला पुढं केलं. अंगठ्याला शाई लावली... वाहून गेली. पुन्हा लावली... गेली. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, तसाच टेकव.

तो कागद मी पाहिलाय. तीन वर्षांनी, सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत. बाकीचे अंगठे निळे, वाळलेले. येडूच्या नावापुढं नुसता ओला ठसा.

मी त्यावर बोट ठेवलं.

बोटाला पाणी लागलं.