चाळिसाव्या मिनिटाची नोंद

इन्क्युबेटरच्या दाराला आमचे दोघांचे हात एकदमच लागले.

"आधी तुम्ही," तो म्हणाला.

"आधी कोणीही… पण पटकन. पेशींना गारवा सोसत नाही."

"आणि तुम्हाला?"

मला हसू आलं. तोंडावर मास्क होता, बरंच झालं.

तो प्रयोगशाळेत नवा. प्रमुख बाईंनी काम दोघांना मिळून दिलेलं: रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी ताटलीतल्या बारीक जाळीवर वाढवायच्या, वरून रंग घालायचा आणि दर दहा मिनिटांनी खाली किती झिरपला ते मोजायचं. सूज आणणारं द्रव्य घातलं की पेशींमध्ये फटी पडतात. आदल्या दिवशी कोलेस्टेरॉलचं औषध दिलं, तर त्या कमी पडतात का, एवढाच प्रश्न.

"म्हणजे आमचे बाबा घेतात ती गोळी शिवणकामही करते?"

"ताटलीत करते का ते बघतोय. बाबांचं डॉक्टरांना विचारा."

"चहा तरी न घाबरता घेता का हो तुम्ही?"

तो रोज असं विचारायचा, आणि मी रोज चहाला जायचे. मला चार वर्षांची मुलगी आहे, मी एकटीच तिला वाढवतेय, हे मात्र सांगितलं नव्हतं. कळलं की माणसं फार आदराने बोलू लागतात… आणि चहाचं विसरतात.

त्या दिवशी तिसाव्या मिनिटापर्यंत औषधवाल्या जाळीखाली रंग खरंच कमी उतरला होता. पस्तिसाव्याला पाळणाघरातून फोन आला. ताप, एकशे तीन.

"माझी मुलगी—" एवढंच तोंडून गेलं.

त्याने हातमोजे काढले. "चला. गाडी खाली आहे."

"आणि चाळिसावं मिनिट?"

"ते आपलं आपण जाईल."

दवाखान्यात तिने त्याच्या शर्टावर उलटी केली. "झाली ओळख," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी कामावर आले. "मुलगी बरी आहे ना?" त्याने अदबीने विचारलं. चहाचं नाव नाही. झालं, मनात म्हटलं, सुरू झाला आदर.

मग त्याने वही पुढे केली. आमच्याकडे खोडाखोड चालत नाही. नोंद सुटली तर खरं कारण लिहायचं, खाली जोडीदाराची सही.

'४० मिनिटे: नमुना घेतला नाही. कारण: तिची मुलगी आजारी होती. मला त्या दोघींबरोबर असायचं होतं. पुढेही असायचं आहे.'

"हे… बाई वाचतील!"

"वाचलं. म्हणाल्या, प्रयोग पुन्हा करा. आणि सही राहिलीय, ती घ्या."

तो माझ्याकडे बघत नव्हता. कान लाल झाले होते.

मी सही केली. खाली तारीख घातली आणि, नियमाप्रमाणे, वेळही.