आसनं मूळची नाहीत

गाडीचं दार उघडून ते तसेच उभे राहिले... एक हात दारावर, दुसऱ्या हातात पुसायचं फडकं! त्यांची बायको पायरीवरून बघत होती.

"अहो, बघताय काय असे? कारखान्यातून आल्यासारखी दिसतेय ना? आता तरी पहिला नंबर द्यायला काय धाड भरलीय त्या परीक्षकांना!"

सासऱ्यांच्या त्या जुन्या मोटारीची आसनं बावीस वर्षांपूर्वी तिनंच शिवली होती. घरच्या मशीनवर, आणि जिथे मशीननं हात टेकले तिथे स्वतःच्या हातांनी, बोटं टोचून घेत. आणि काल, हे दुकानात लोकांची घड्याळं दुरुस्त करत असताना, तिनंच ती आवरणं उतरवून मूळच्यासारखी नवी कोरी चढवून घेतली होती. कपाट आवरताना तिला जुन्या गाड्यांच्या दरवर्षीच्या प्रदर्शनाचे गुणांचे कागद सापडले होते, आणि प्रत्येकावर एकच शेरा होता... 'आसनं मूळची नाहीत. गुण वजा.' बावीस वर्षं आपणच या माणसाच्या यशाच्या आड आलो! आणि यांनी एका अक्षरानं कधी दुखवलं नाही!

"गाडीत बस," एवढंच ते म्हणाले.

तसे ते घरी बोलायचेच किती? मीठ कमी पडलं तर पानातली भाजी तशीच राहायची, तेवढंच काय ते भाषण. दर प्रदर्शनाला दुकान तिनं सांभाळायचं, हे ठरलेलं. या वर्षी मात्र यांच्या हातात बक्षीस बघायचंच म्हणून तिनं दुकानाला कुलूप लावलं होतं.

मैदानात ओळीनं उभ्या गाड्या, त्यांच्या पुढे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले मालक. यांची गाडी थांबते न थांबते तोच शेजारच्या हिरव्या गाडीचे टकले गृहस्थ उठून आले, आत डोकावले आणि जवळजवळ ओरडलेच, "अरे घड्याळवाले! वहिनींची आसनं कुठं गेली?"

ती चमकली. या परक्या माणसाला काय ठाऊक?

"तुम्हीच का वहिनी? अहो, त्या वाकड्या शिवणीची गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे! तुम्ही शिवत होतात, शेवटच्या घटकेला सासूबाईंनी तुमचा उजवा हात धरला, आणि तुम्ही डाव्या हातानं ती ओळ पुरी केलीत... तो हात सोडवला नाहीत. हा बाबा दरवर्षी सांगतो, दरवर्षी डोळे पुसतो. नवीन कुणी दिसला की धरून आणतो, सांगायला!"

तिच्या डोळ्यांपुढचं मैदान विरघळून गेलं...

"मला... मला वाटलं, तुम्हाला बक्षीस हवंय."

"बक्षीस ठेवायला घरात जागा आहे का?" ते खाली बघत म्हणाले. "इथं लोक विचारतात गं. सांगता येतं. तुझ्यापुढे... जीभच उचलत नाही."

"आणि मेली मी बावीस वर्षं दुकान सांभाळतेय!" ती रडता रडता हसली.

टाकून देववली नव्हती म्हणून जुनी आवरणं डिकीतच होती. त्यांनी ती काढली, नवी ओरबाडायला लागले. "अहो, गुण जातील! परीक्षक दोन गाड्यांवर आलेत!" "जाऊ देत." मग तिनंच पदर खोचला. सुई कुणीतरी आणून दिली. हिरव्या गाडीवाल्यांनी गादी दाबून धरली, आणि ती टाके घालत सुटली.

परीक्षक येऊन उभे राहिले. कागदावर एक रेघ मारून त्यांनी विचारलं, "ही शिवण अशी का?"

यांनी सवयीनं तोंड उघडलं... आणि मिटलं. बाजूला सरकून ते म्हणाले, "यांनाच विचारा."

चारचौघांत कधी न बोललेल्या तिनं दातांतली सुई काढली, डोळे पुसले, आणि दार सताड उघडलं.

"आत येऊन बसा आधी," ती म्हणाली, "उभ्या उभ्या नाही सांगता येणार."