कोठार ओ देतंय

"कोठार मेलं," मावशी फोनवर म्हणाली. "संध्याकाळी भंगारवाला न्यायला येतोय. त्याच्या आधी तू पोच."

आठी घरोघरचं नेटवर्क दुरुस्त करायची. लोक राउटर कुठेकुठे ठेवतात हे तिने पाहिलं होतं आणि कपाळावरची कायमची आठी ही तिची त्या धंद्यातली कमाई होती. तिचं खरं नाव आता सख्ख्या मावशीलासुद्धा आठवून सांगावं लागे.

कोठार म्हणजे मावशीच्या बैठकीच्या खोलीतली, घरभरच्या फाइली साठवणारी डिस्कची पेटी. कोणत्याही फोनवर 'कोठार' नाव टाकलं की ती उघडायची. त्यात मावशीच्या यजमानांचा, काकांचा आवाज होता. काकांना सूचना द्यायचा भारी नाद. टाकी कशी धुवावी, छत्री कशी वाळवावी, दार किती जोरात लावू नये, सगळं त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. ते असताना मावशीने एकही ऐकलं नाही. ते गेल्यावर ती रोज दुपारी एक लावायची आणि छत्री वाळवायची. पाऊस असो वा नसो.

दार उघडताच आठीने नाक दाबलं. राउटर चपलांच्या कपाटावर होता आणि कपाटात दादाचे जुने गमबूट. दादा, मावशीचा मुलगा, गटार खात्यात. बुटांना गटारात जे जे मिळालं ते त्यांनी निष्ठेने जपलं होतं.

एका बुटात चार्जरची वायर गेलेली दिसली.

"हे काय?"

"दादाचं बूट वाळवायचं यंत्र," भाऊजी म्हणाले. हे घरजावई, मावशीच्या मुलीचे म्हणजे ताईचे यजमान. एका कानात इयरफोन, हातात दुधाचा पेला. एरवी आठीने वायर शेवटपर्यंत पाहिली असती. आज नाकाने परवानगी दिली नाही.

"अहो, फाटलंय ते दूध!" ताई स्वयंपाकघरातून ओरडली.

"हो का?" म्हणत भाऊजींनी पेला संपवला आणि मिशीला लागलेली गुठळी जिभेने आत घेतली.

आठीने भिंतीकडे पाहिलं. भिंत स्वच्छ होती. तेवढाच आधार.

कोपऱ्यात कोठाराची पेटी. तिचा निळा दिवा लगबगीने लुकलुकत होता.

"मेल्याची नाडी जोरात आहे की," आठी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" भाऊजींनी ऐकण्यासाठी खिशातल्या फोनचं बटण दाबून इयरफोन काढला.

दिवा शांत झाला.

आठीने सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"दादा, कोठार मेलं असं कोण म्हणालं?"

"मीच. उघडलं की कोरं पान येतं. फाइल नाही, काही नाही. डिस्क गेली."

"पेटीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कुणाकडे?"

"माझ्याकडे एकट्याकडे. पेटीचं नाव बदलायचं, ती पुसायची, तर मीच. बाकीच्यांनी फाइली ठेवाव्यात, काढाव्यात, बस."

"म्हणून भंगारात काढायची घाई?"

"बाई गं, आई रोज दुपारी त्या कोऱ्या पानासमोर छत्री घेऊन बसते. बघवत नाही मला."

"ताई, बंद कधी पडलं?"

"नेम नाही. वीज गेली की परत आल्यावर थोडा वेळ उघडायचं. मी आईला हाक मारून फोन तिच्या हातात देईपर्यंत पुन्हा कोरं."

"भाऊजी, तुमच्याकडे उघडतं?"

"छे! आम्ही त्या वाटेला जात नाही."

आठीने लॅपटॉप उघडला आणि कोठाराला नावाने हाक मारली, म्हणजे 'आहेस का?' असा संदेश धाडला. लगेच ओ आली. मग तिने पेटीपाशी जाऊन तिची वायर उपटली. दिवा विझला. तिने पुन्हा हाक मारली.

ओ आली.

मावशीने पदर तोंडाशी नेला. "बंद पेटी बोलते?"

"पेटी नाही बोलत, मावशी. तिचं नाव घेऊन दुसरंच कुणीतरी ओ देतंय."

मग सुरू झाली झडती. टीव्ही बंद केला, ओ आली. प्रिंटर बंद केला, ओ आली. ताईचा इंटरनेटवर चालणारा वजनकाटा काढला. ओ आली आणि ताईला बरंही वाटलं. सगळ्यांचे फोन बंद झाले, तरी तो निर्लज्ज ओ देतच होता.

उरली बुटातली वायर.

"दादा, तुझं यंत्र काढ."

"कसलं यंत्र? त्या बुटांना मी काठीने ढकलतो."

शेवटी दादाने हातमोजे चढवले, तोंड फिरवलं आणि बूट उलटा केला. आधी एक काळा पदार्थ पडला, ज्याची चौकशी कुणी केली नाही. त्यामागून एक जुना फोन पडला. चालू. आठीने बोळ्याने पडदा पुसला. फोनचं नाव 'कोठार'. आत एक कोरं पान.

"दादा!" ताई किंचाळली. "तुझा बूट!"

"बूट त्याचा, हात त्याचा नाही," आठी म्हणाली. ती खिडकीत जाऊन उभी राहिली, कारण पुढचं बोलायला श्वास घ्यावा लागणार होता. "राउटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. कुठल्या नावाचा आकडा कोणता हे तो लक्षात ठेवतो. पण तुमचा राउटर भोळा आहे. एकाच नावाचे दोघे आले, तर जो शेवटी आला तो खरा. वीज गेली की पेटी बंद पडायची. परत आली की तीच शेवटची, म्हणून कोठार उघडायचं. मग कुणीतरी बुटात हात घालून फोन बंद-चालू करायचं, म्हणजे तो शेवटचा व्हायचा. दर वेळी. याच बुटात. उघड्या हाताने."

सगळ्यांनी बुटाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"दादाला लपवायचंच असतं, तर किल्ली त्याच्याकडे होती. पेटीचं नाव बदललं असतं, काम खलास. हा उद्योग किल्ली नसलेल्याचा. आणि नाक नसलेल्याचा. भाऊजी, वास यायचा कधी बंद झाला?"

"मागच्या तापात," ताईच म्हणाली आणि नवऱ्यापासून एक खुर्ची लांब सरकली.

"वास येत नाही म्हणजे चोर?" भाऊजी म्हणाले.

"नाही. पण मेलेल्या पेटीचा दिवा तुमचा इयरफोन निघाल्यावर थांबला. नाव दुसरीकडे गेलं तरी पेटीचा आकडा कुठे गेला नव्हता. तुम्ही थेट आकडा टाकून ऐकत होतात. काय ऐकत होतात?"

आठीने पेटी पुन्हा जोडली, आकडा टाकला. पेटी ठणठणीत होती आणि काठोकाठ भरलेली. काकांचा कप्पा गायब. त्या जागी भाऊजींचा. तिने पहिली फाइल लावली.

ढेकर. लांब, ओला, मध्ये एक वळण घेणारा. दुसरीतही ढेकर. तिसरीत दोन.

"संग्रह आहे तो," भाऊजी म्हणाले. "स्पर्धा असतात. उत्तम दर्जाचं ध्वनिमुद्रण फार जागा खातं. मला वाटलं, बाबांच्या त्या सूचनाच तर होत्या. आणि आई तर रोज दुपारी ऐकणार, लगेच कळलं असतं."

"म्हणून पेटीच मेली असं भासवलंत. भंगारात गेली की पुरावाही गेला."

"माझ्या बापाच्या जागी," ताई हळू म्हणाली, "तुम्ही ढेकर भरलेत?"

तिने त्यांची बॅग आणून दारात ठेवली. वर ते बूट ठेवले. दोन्ही.

मावशीने कुणाकडेच पाहिलं नाही. "काही उरलंय का गं?" एवढंच विचारलं.

आठी पुसलेल्या फाइलींचा माग काढत बसली. टाकी गेली होती. छत्री गेली होती. ढेकरांनी सगळं तुडवलं होतं. भंगारवाला येऊन हात हलवत परत गेला, तेव्हा कुठे तळाशी एक फाइल सापडली, चुकून बटण दाबलं गेल्याने झालेली. तिला नावही नव्हतं.

तिने लावली. नळ सुटला. मग काका खाकरले. सकाळचं, मनापासून, पोटाच्या तळातून काहीतरी ओढून काढणारं खाकरणं. मग गुळण्या. पुन्हा खाकरणं.

दादाने तोंड वाकडं केलं. आठीने बंद करायला हात पुढे केला.

मावशीने तो धरला.

"थांब," ती म्हणाली. "अजून थुंकले नाहीत."